साथीचे दिवस आणि सरकारी खरेदी

सरकारने एखादी वस्तू विकत घ्यावयाची म्हणजे प्रथम मागणीपत्र, मग निविदा, मग दरांचा तुलनात्मक तक्ता, मग समितीची शिफारस, त्यानंतर पुरवठ्याचा आदेश, आणि अखेर माल हाती आल्यावर पावती व देयक, असा ठरलेला प्रवास असतो. ह्या प्रवासाला लागणारा वेळ हा लोकांच्या थट्टेचा विषय झाला आहे. तथापि ही पद्धत कोणी उगाच निर्माण केलेली नाही. घरचा कर्ता माणूस बाजारात घासाघीस करतो, माल हाताळून पाहतो, कारण पैसाही त्याचा असतो आणि वस्तूही त्यालाच वापरावयाची असते. सरकारी अधिकारी जो पैसा खर्च करतो तो त्याचा नसतो, आणि जी वस्तू घेतो ती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या उपयोगाची असते. ही दोन्ही नैसर्गिक बंधने सुटलेली असल्यामुळे त्यांची जागा नियमांना घ्यावी लागते. घासाघिशीचे काम निविदा करते, पारखण्याचे काम तपासणी करते आणि जाब विचारण्याचे काम लेखापरीक्षा करते.

हे तिन्ही पहारेकरी शांततेच्या काळासाठी नेमलेले आहेत. विकणारे अनेक आहेत, भाव फारसे हलत नाहीत, माल पाहावयास सवड आहे, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. साथ आली की ह्यांतील एकही गोष्ट खरी राहत नाही. विकणारे थोडे आणि घेणारे असंख्य होतात. सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही. आणि उशीर झाला तर त्याचा दंड रुपयांत भरावा लागत नाही, तो माणसांच्या प्राणांत भरावा लागतो. अशा वेळी नियम पाळीत बसावे तर रोगी दगावतात, आणि नियम गुंडाळून ठेवावेत तर लुबाडणूक होते. मग करावे काय? तिन्ही पहारेकऱ्यांना एकदम रजा द्यावी काय, की त्यांच्यापैकी कोणा एकालाच बाजूस सारता येईल? ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांच्या अनुभवात शोधणे अधिक उपयुक्त आहे; आणि त्या अनुभवाचा एक महत्त्वाचा धागा ग्वाल्हेरला जाऊन पोचतो.

झाशी रस्त्यावरील दोन संस्था

ग्वाल्हेर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिंद्यांच्या ह्या राजधानीत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीने तर महाराष्ट्राचे कान घडविले. परंतु ह्या शहरातील झाशी रस्त्यावर दोन सरकारी संस्था अशा आहेत की ज्यांची ओळख बाहेरच्या माणसाला सहसा नसते. एक आहे संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना. ‘डीआरडीई’ ह्या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. १९७३ पासून ती ह्या स्वरूपात काम करीत आहे. विषारी वायू, घातक रसायने आणि रोगजंतू ह्यांपासून सैनिकांचे रक्षण कसे करावे, हा तिच्या अभ्यासाचा विषय. १९९४ साली बीड आणि सुरत येथे प्लेगने डोके वर काढले, तेव्हा रोगजंतू ओळखण्याच्या कामात ह्या संस्थेचा मोठा वाटा होता.

दुसरी संस्था म्हणजे मध्यप्रदेशच्या महालेखापालांचे कार्यालय. १९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य घडले आणि राजधानी भोपाळला गेली. पण राज्याच्या हिशेबांची तपासणी करणारे हे कार्यालय ग्वाल्हेरीस राहिले. पहिली संस्था वस्तूची परीक्षा करते, दुसरी खर्चाची. पहिली परीक्षा वस्तू वापरण्यापूर्वी होते, दुसरी पैसा खर्च झाल्यानंतर. साथीच्या दिवसांत सरकारी खरेदीवर ज्या दोन कसोट्या लागू व्हावयास हव्यात, त्या दोन्ही जणू एकाच रस्त्यावर शेजारी नांदत आहेत.

पोशाखाची कसोटी

भारतात करोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने संरक्षक पोशाख व मुखपट्ट्या ह्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. थोड्याच दिवसांत ती काही वस्तूंपुरती सैल केली, आणि मार्चमध्ये पुन्हा आवळली. ज्याला सर्वजण पीपीई किट म्हणू लागले, तो डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारा पोशाख तोवर देशात जवळजवळ तयारच होत नव्हता. बहुतेक माल बाहेरून येत असे, आणि आता प्रत्येक देश आपल्या मालावर हात ठेवून बसला होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा काही रुग्णालयांतील डॉक्टरांनी पावसाळी कोट घालून काम केल्याच्या बातम्या येत होत्या. अशा परिस्थितीत आरोग्य मंत्रालयाच्या वतीने पोशाखांची खरेदी करण्याचे काम एचएलएल लाइफकेअर ह्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे सोपविण्यात आले.

शिंपी मिळतील, कापडही मिळेल. पण हा पोशाख नुसते कपडे शिवण्याइतका सोपा नाही. रोग्याच्या खोकल्यातून, उलटीतून किंवा रक्तातून उडालेला थेंब कापडाच्या आरपार गेला नाही पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेत एक कसोटी घेतात. कापडाचा तुकडा एका छोट्या धातूच्या पात्रात घट्ट बसवितात. त्याच्या एका अंगाला रक्तासारखा पृष्ठताण असलेला लाल रंगाचा कृत्रिम द्रव सोडतात आणि त्यावरील दाब टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतात. दुसऱ्या अंगाला रंगाचा ठिपका दिसला की कापड नापास. किती दाबापर्यंत कापड टिकले, त्यावरून त्याची श्रेणी ठरते. शिवणीचीही हीच परीक्षा होते, आणि बहुधा घात होतो तो तेथेच. कापड उत्तम असले तरी सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून द्रव आत शिरू शकतो. म्हणून शिवणीवर गरम हवेच्या साहाय्याने एक विशिष्ट फीत चिकटवावी लागते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ही फीतच दुर्मिळ झाली होती. तेव्हा संरक्षण संशोधन संघटनेने पाणबुडीच्या कामात वापरल्या जाणाऱ्या लुकणावरून शिवणी बुजविण्याचा एक पर्यायी पदार्थ तयार केला.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की पोशाख नुसत्या डोळ्यांनी पाहून त्याची पारख करता येत नाही. पांढराशुभ्र, नीटनेटका पोशाखही निकामी असू शकतो. तो अंगात घालणारी परिचारिका, वॉर्डबॉय किंवा सफाई कामगार ह्यांना ते कळण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे आजारी पडणे. रेनकोट घातलेला डॉक्टर आपण असुरक्षित आहोत हे जाणून जपून वागतो. खोटा पोशाख घातलेला डॉक्टर निर्धास्तपणे रोग्याजवळ जातो. म्हणजे निकृष्ट वस्तू ही वस्तू नसण्यापेक्षाही अधिक घातक ठरू शकते. साथीच्या खरेदीतील सारा कठीणपणा ह्या एका गोष्टीत साठविलेला आहे.

एप्रिल २०२० मध्ये ह्याचा प्रत्यय आला. चीनकडून देणगीदाखल सुमारे १ लाख ७० हजार पोशाख भारतात येऊन पोचले. त्यांपैकी जवळजवळ ५० हजार कसोटीस उतरले नाहीत आणि ही तपासणी ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत झाली, असे वृत्त त्या महिन्याच्या मध्यास प्रसिद्ध झाले. देशभर एकेका पोशाखासाठी ओरड चालू असताना इतका मोठा साठा बाजूस ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. पण तपासणी नसती तर हे पोशाख रुग्णालयांत गेले असते. फुकट मिळालेल्या वस्तूचीही परीक्षा झाली पाहिजे, हा ह्या प्रसंगाचा पहिला धडा. वस्तूची किंमत शून्य असली तरी तिच्यातील दोषाची किंमत शून्य नसते.

तपासणीची वाट अडते तेव्हा

दुसरा धडा थोडा अवघड आहे. तपासणी आवश्यक आहे हे मान्य केले, तरी तपासणारे हात मोजकेच असले तर तीच अडसर होऊन बसते. सुरुवातीस पोशाखाची कसोटी घेण्याची सोय देशात अगदी थोड्या ठिकाणी होती. कोइमतूरची ‘सिट्रा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था हे त्यांतील प्रमुख ठिकाण. टाळेबंदीमुळे गाड्या बंद, विमाने बंद. त्यात नमुना दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवावयाचा आणि निकालाची वाट पाहावयाची. कारखान्यात माल तयार, रुग्णालयात गरज तातडीची, आणि मध्ये एका कागदासाठी सारे खोळंबलेले. म्हणून एप्रिलमध्ये संरक्षण संशोधन संघटनेने पोशाख आणि मुखपट्ट्या ह्यांची तपासणी ग्वाल्हेरहून दिल्लीच्या ‘इन्मास’ ह्या आपल्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत हलविली. माल पोचण्यास विलंब होऊ नये, हे कारण त्या वेळी स्पष्टपणे सांगण्यात आले.

ह्यात ग्वाल्हेरच्या संस्थेचा कमीपणा नाही. तिने जे करावयाचे ते केलेच. प्रश्न अंतराचा होता. येथे एक मार्ग असा होता की तपासणी काही काळ स्थगित ठेवावी आणि माल सरळ जाऊ द्यावा. तो मार्ग पत्करला गेला नाही. कसोटी तीच ठेवून ती घेणारी ठिकाणे वाढविण्यात आली. आवडी, कानपूर, मुरादनगर, ईशापूर येथील आयुधनिर्माणी कारखान्यांत ही सोय उभी राहिली. महाराष्ट्रातील अंबरनाथचा कारखानाही त्यांत होता. मे महिन्यात मुंबईच्या वस्त्रोद्योग समितीची प्रयोगशाळा त्यांना येऊन मिळाली, आणि तिने तर कसोटीचे यंत्रही स्वतःच तयार केले. मान्यता मिळालेल्या प्रत्येक नमुन्याला एक स्वतंत्र प्रमाणपत्र क्रमांक देण्यात आला, आणि तो सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करण्यात आला. रुग्णालयाच्या कोठारातील साध्या कारकुनालाही क्रमांक पाहून खरा-खोटा माल ओळखता यावा, अशी ही योजना.

परिणाम पाहण्यासारखा झाला. मे २०२० च्या उत्तरार्धात सहाशेहून अधिक उत्पादकांना प्रमाणपत्रे मिळालेली होती, दररोज सुमारे साडेचार लाख पोशाख तयार होत होते, आणि ह्या वस्तूच्या उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो, असे सरकारने जाहीर केले. जूनच्या अखेरीस तर दरमहा ५० लाख पोशाखांच्या निर्यातीस परवानगी मिळाली. ठरलेले मोजमाप, जवळची प्रयोगशाळा आणि माल खरा ठरल्यास तो घेण्याचे सरकारचे वचन, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे हे घडले. शिंपी आणि गिरणीमालक ह्यांना काय शिवावयाचे आणि ते पास झाले की नाही हे कसे समजावयाचे, हे माहीत झाले. बाकीचे त्यांनी केले. खरेदीदार म्हणून सरकारची खरी शक्ती घासाघिशीत जितकी असते, तितकीच ती काय हवे ते नेमके सांगण्यात असते.

भाव, उचल आणि ओळख

आता भावाकडे वळावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आणीबाणीसाठी वाट ठेवलेली आहे. तातडीच्या गरजेत जाहीर निविदेऐवजी मोजक्या पुरवठादारांना विचारता येते. प्रसंगी एकाच पुरवठादाराकडूनही माल घेता येतो. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. कारणे लेखी नोंदविली पाहिजेत आणि सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घेतली पाहिजे. शिवाय गरज तातडीची का आहे एवढेच सांगून भागत नाही. तिचा अंदाज आधी का घेता आला नाही, हेही नमूद करावे लागते. हा शेवटचा प्रश्न फार मार्मिक आहे. पुष्कळदा तातडी ही दैवाने आणलेली नसते. दुर्लक्षाने आणलेली असते.

उचलीविषयीही नियम स्पष्ट आहे. खाजगी पुरवठादाराला द्यावयाची अग्रिम रक्कम साधारणतः कराराच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावी, असे तो सांगतो. ह्या संयमाचे मोल २०२० च्या एप्रिलमध्येच दिसून आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दोन चिनी कंपन्यांच्या प्रतिपिंड चाचणी संचांची मागणी नोंदविली होती. राजस्थानने हे संच वापरून पाहिले आणि त्यांचे निकाल भरवशाचे नाहीत असे कळविले. परिषदेने प्रथम दोन दिवस वापर थांबविण्यास सांगितले, स्वतः पडताळणी केली आणि २७ एप्रिल रोजी राज्यांना हे संच परत करण्याचा सल्ला दिला. त्याच सुमारास आयातदार आणि वितरक ह्यांचा आपसातला तंटा दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि त्यातून असे उघड झाले की २४५ रुपयांना देशात उतरणारा संच सरकारला ६०० रुपयांना पडणार होता. न्यायालयाने ४०० रुपयांहून अधिक किंमत आकारू नये असे ठरविले. येथे सरकारचे नुकसान टळले ते भाव नीट ठरविल्यामुळे नव्हे. भाव तर फसलाच होता. नुकसान टळले ते आगाऊ पैसे न दिल्यामुळे. एक पहारेकरी झोपला, तरी दुसरा जागा होता.

सर्वत्र असे घडले नाही. केरळच्या आरोग्य व्यवस्थेचे करोनाकाळात देशभर कौतुक झाले. पण त्याच राज्याच्या विधानसभेपुढे जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले की मार्च २०२० च्या अखेरीस ज्या पोशाखासाठी एका पुरवठादाराला ५५० रुपये दर ठरला होता, त्याचसाठी एक-दोन दिवसांतच दुसऱ्याला १,५५० रुपये मोजले गेले. ह्या खरेदीत सुमारे १० कोटी २३ लाखांचा जादा भार पडला, असे अहवाल म्हणतो. टंचाईच्या दिवसांत मिळेल त्या भावाने घेणे भाग होते, असे शासनाचे म्हणणे होते. ते अगदीच निराधार नाही. माणसे मरत असताना भाव चढा असतो. परंतु चढा भाव दिला जात असताना स्वस्त देणारा का सोडला, ह्याचे त्याच दिवशी लिहिलेले कारण फाइलीत असले, तर वादाचा निकाल एका पानात लागतो. नसले, तर पाच वर्षांनंतरही संशय उरतो.

इंग्लंडचा अनुभव ह्याहून बोलका आहे. तेथे मंत्री, खासदार आणि वरिष्ठ अधिकारी ह्यांनी सुचविलेल्या पुरवठादारांसाठी एक स्वतंत्र, वेगवान रांग ठेवण्यात आली होती. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दाखवून दिले की ह्या रांगेतील दर दहांपैकी सुमारे एकाला कंत्राट मिळाले, तर साध्या रांगेतील शंभरांत एकालाही मिळाले नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदेशीर ठरविली. त्या देशाच्या आरोग्य खात्याने २०२०-२१ ह्या एका वर्षात संरक्षक साहित्याच्या किमतीपोटी ८७० कोटी पौंड हिशेबातून वजा केले. त्यांपैकी ४७० कोटी केवळ एवढ्याचसाठी की भीतीच्या भाववाढीत घेतलेल्या मालाचा बाजारभाव नंतर उतरला. बाकीचा काही माल निरुपयोगी निघाला, काही जरुरीपेक्षा अधिक झाला. घाईत रांग वेगवान करणे योग्यच. पण ती सर्वांसाठी वेगवान असली पाहिजे. ओळखीचे दार आणि गुणवत्तेचे दार ही दोन वेगळी दारे आहेत.

आदेश दिला म्हणजे खरेदी झाली नव्हे

आणखी एक चूक ह्या काळात वारंवार घडली. ती म्हणजे पुरवठ्याचा आदेश काढला की काम झाले, असे मानणे. हवेतून प्राणवायू वेगळा करणारी यंत्रे जिल्हा रुग्णालयांत बसविण्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये निविदा काढण्यात आली. १६२ यंत्रांसाठी २०१ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. साथीची पहिली लाट ओसरत होती. वेळ हाताशी होता. पण १८ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे दुसरी लाट ऐन भरात असताना, त्यांपैकी केवळ ३३ यंत्रे उभी राहिली होती. मध्यप्रदेशात ५ आणि महाराष्ट्रात १. देशभर सिलिंडरसाठी धावाधाव चालली होती ते हे दिवस. यंत्र म्हणजे केवळ यंत्र नव्हे. त्यासाठी पक्का चौथरा लागतो, पुरेशा दाबाची वीज लागते, खाटेपर्यंत नळ्या लागतात, ते चालविणारा माणूस लागतो. ह्यांतील प्रत्येक काम निरनिराळ्या खात्याकडे असते, आणि एकाचेही काम अडले तर यंत्र खोक्यात पडून राहते.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२१ मध्ये १५० कृत्रिम श्वसनयंत्रे मिळाली. त्यांपैकी वापरात आणलेल्या ११३ यंत्रांत दोष आढळल्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली आणि न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली. उत्पादक म्हणत होता की यंत्रे नीट हाताळली गेली नाहीत. डॉक्टर म्हणत होते की यंत्रेच सदोष आहेत. अशा वादात रोगी कोणाच्याच हिशेबात राहत नाही. बसविणे, शिकविणे, दुरुस्त करणे आणि नादुरुस्त झाल्यास बदलून देणे, ह्या चारही गोष्टी करारातच लिहिलेल्या असल्या आणि शेवटचा हप्ता यंत्र रोग्याच्या खाटेशी चालू झाल्यावरच देण्याचे ठरले, तर हा वाद पुष्कळ अंशी टळेल.

एकाच सरकारच्या अनेक हातांनी एकमेकांविरुद्ध बोली लावणे, हा आणखी एक अनुभव. मे २०२१ मध्ये मुंबई महानगरपालिकेने एक कोटी लशींसाठी जागतिक निविदा काढली. इतर राज्येही तशीच निविदा काढीत होती. मुंबईला प्रस्ताव आले, पण कसोटीस एकही उतरला नाही. लशी बनविणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके, आणि घेणारी सरकारे शेकडो. अशा बाजारात सुटे सुटे जाणाऱ्याला काय मिळणार? २१ जूनपासून केंद्राने बहुतेक सर्व खरेदी पुन्हा आपल्याकडे घेतली. जी वस्तू थोडे विकतात ती एकत्र घ्यावी, आणि जी वस्तू गावोगाव तयार होऊ शकते ती स्थानिक पातळीवर घेऊ द्यावी, हे तारतम्य आधीच ठरविलेले बरे.

घाईची तयारी सवडीने

ह्या सर्व अनुभवांतून एक सूत्र निघते. साथीच्या दिवसांत निविदेचा काळ कमी करता येतो, स्पर्धेचा घेर लहान करता येतो, प्रसंगी भावही चढा देता येतो. पण तीन गोष्टी सोडता येत नाहीत. वस्तू नेमकी कशी हवी हे लिहून सांगणे, ती वापरण्यापूर्वी तपासणे, आणि प्रत्येक निर्णयाचे कारण त्याच वेळी नोंदवून ठेवणे. पहिल्या गोष्टीला वेळ लागत नाही, बुद्धी लागते. दुसरीला यंत्रणा लागते. तिसरीला केवळ पाच मिनिटे आणि थोडे धैर्य लागते.

तपासणीची यंत्रणा मात्र साथ आल्यावर उभारता येत नाही. ती आधी हवी. तामिळनाडूने १९९४ साली स्थापन केलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाचा आदर्श ह्या बाबतीत सांगण्यासारखा आहे. तेथे औषधांचे दर वर्षारंभीच करार करून ठरविलेले असतात. प्रत्येक खेपेतील नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळांना पाठविले जातात, आणि निकाल आल्याखेरीज तो साठा कोठारातून हलत नाही. मध्यप्रदेशातही आरोग्य सेवांच्या खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ आहे. महाराष्ट्रात हाफकिनकडे २०१७ पासून असलेले खरेदीचे काम २०२३ च्या कायद्याने नव्या प्राधिकरणाकडे गेले. ह्या संस्थांच्या कागदपत्रांत साथीच्या दिवसांसाठी एक वेगळे प्रकरण असावे. पडताळणी झालेल्या पुरवठादारांची यादी, तयार कराराचा मसुदा, जवळच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची नावे, आणि रुग्णालयांतून फिरत राहणारा राखीव साठा त्यात असावा. राखीव साठा कुलपात ठेवून भागत नाही. मुखपट्टीची रबरी दोरीही काळाने सैल पडते. जुना माल रोजच्या वापरात आणावा आणि नवा त्याच्या जागी ठेवावा, म्हणजे साठा ताजा राहतो आणि पैसाही वाया जात नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो अधिकाऱ्याचा. साथीत मध्यरात्री फोन करून माल मिळविणारा प्रामाणिक अधिकारी आणि त्याच गोंधळात हात धुऊन घेणारा अप्रामाणिक अधिकारी, हे दोघेही नियमाबाहेरच जातात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे त्या दिवशी लिहून ठेवलेली टिपणी. अमुक तारखेला अमुक ठिकाणी विचारणा केली, अमुक जणांनी नकार दिला, अमुक दर मिळाला, रुग्णालयात इतक्याच दिवसांचा साठा होता, म्हणून हा निर्णय घेतला. एवढ्या पाच ओळी ज्याने लिहिल्या, त्याला पुढे कोणाची भीती नाही. ज्या कार्यालयात लेखापरीक्षेच्या भीतीने कोणी सहीच करीत नाही, तेथे माणसे उपचारांवाचून मरतात. आणि जेथे लेखापरीक्षा होणारच नाही अशी खात्री असते, तेथे ती फसवणुकीने मरतात. म्हणून नियम असा हवा की शुद्ध हेतूने, नोंद ठेवून केलेल्या खरेदीतील चुकीबद्दल शिक्षा नाही. नोंद न ठेवण्याबद्दल मात्र आहे.

ग्वाल्हेरच्या झाशी रस्त्यावरील त्या दोन संस्थांची गाठ सहसा पडत नाही. एक काचेच्या नळ्या पाहते, दुसरी कागद पाहते. परंतु साथीच्या दिवसांत जयारोग्य रुग्णालयासारख्या एखाद्या सरकारी दवाखान्यातील परिचारिका जेव्हा पोशाख अंगावर चढविते, तेव्हा ती ह्या दोघींच्याही कामावर विश्वास टाकीत असते. तिला निविदेचा क्रमांक ठाऊक नसतो आणि पुरवठादाराचे नावही ठाऊक नसते. कोणीतरी आपल्यासाठी हा पोशाख नीट पाहून घेतला असेल, एवढेच ती गृहीत धरते. तिचे हे गृहीत खोटे ठरू न देणे, हाच सरकारी खरेदीचा पहिला आणि शेवटचा नियम होय.